लॉगरोटेट हाताने चालतं, रात्री मात्र आपटतं: एसईलिनक्सच्या लेबलची परत परत येणारी कटकट

सकाळी सव्वासातला अकाउंट्समधल्या काकांचा फोन आला की मला न उचलताच कळतं, डिस्क भरली. "अरे बिल निघत नाहीये, गाडी गेटवर उभी आहे" हे वाक्य मी या वर्षात चार वेळा ऐकलंय, आणि चारही वेळा कारण एकच, बिलिंगच्या जावा ॲपचे लॉग फिरलेच नव्हते (लॉगरोटेट हा प्रोग्रॅम जुनी लॉग फाईल बाजूला करून दाबतो आणि नवी सुरू करतो, त्यालाच लॉग फिरवणं म्हणतात), एकेक फाईल फुगून पार डिस्कच्या गळ्याशी आलेली. भोसरी एमआयडीसीत एका कारखान्याचे तीन सर्व्हर सांभाळतो मी, सगळे रॉकी लिनक्स 9, काही फार भारी सेटअप नाही. तरीही हे एक दुखणं सुटायला सहा महिने गेले आणि त्यातले साडेपाच महिने मी स्वतःच चुकीच्या जागी मलम लावत होतो, म्हणून सगळं नीट लिहून ठेवतोय. कमांड बोलताना म्हणतो तशाच लिहिल्यात, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजीत टाइप करायच्या.

आधी लक्षणं. सिस्टमसीटीएल --फेल्ड मारलं की लॉगरोटेट.सर्व्हिस लाल दिसते. जर्नलसीटीएल -यू लॉगरोटेट मध्ये तुमच्या फोल्डरचं नाव आणि शेजारी "परमिशन डिनाइड". आता लॉगरोटेट रूट (मशीनचा सर्वाधिकारी यूझर) म्हणून चालतं, रूटला परमिशन नाही म्हणजे काय, असं म्हणून आपण स्वतः रूट होतो, लॉगरोटेट -व्ही -एफ मारतो, आणि ते बेटं गुपचूप चालतं! फाईल फिरते, जीझिपने दाबली जाते, डिस्क रिकामी होते, काकांचं बिल निघतं. आपण चहा प्यायला जातो. रात्री बारानंतर टायमर (लॉगरोटेट आपोआप सुरू करणारं घड्याळ) परत चालतो आणि परत तेच.

ही "हाताने चालतं, आपोआप चालत नाही" वाली गोष्ट दिसली की निम्मं निदान झालं असं समजा. एसईलिनक्स म्हणजे साध्या परमिशनच्या वरची लिनक्सची आणखी एक सुरक्षा व्यवस्था. ते फाईल कोणाच्या मालकीची आहे ते बघत नाही, ते काम साध्या परमिशनचं. ते बघतं दोन लेबलं: काम करणाऱ्या प्रोसेसचं लेबल आणि ज्याला हात लावायचाय त्या फाईलचं लेबल, आणि या जोडीला पॉलिसीत परवानगी लिहिलेली आहे का. लिहिलेली नसेल तर नाही, मग तुम्ही रूट असा नाहीतर रूटचे सासरे. सिस्टमडीने (सर्व्हिस सुरू-बंद करणारा लिनक्सचा मुकादम) टायमरवरून लॉगरोटेट सुरू केलं की त्याला लॉगरोटेट_टी हे लेबल मिळतं आणि त्याच्यावर सगळे नियम लागतात. आपण रूटच्या शेलमधून तोच प्रोग्रॅम चालवला की तो आपल्याच अनकन्फाइन्ड_टी मध्ये चालतो, त्याला जवळजवळ कोणीच अडवत नाही. सोसायटीच्या चेअरमनसोबत गेटमधून आत गेलात तर वॉचमन रजिस्टर पुढे करतो का? तसंच आहे हे. आयडी -झेड (झेड मोठा) मारून बघा, तुमचं स्वतःचं लेबल दिसेल. म्हणजे हाताने केलेली टेस्ट ही टेस्टच नव्हती, आणि मी ती चार वेळा करून चार वेळा "झालं" असं कळवलं होतं.

खात्री करायची असेल तर ऑडिट लॉग बघा, एसईलिनक्सचे नकार तिथे लिहिलेले असतात (नकाराच्या ओळीला एव्हीसी म्हणतात). एयूसर्च -एम एव्हीसी -टीएस टुडे -सी लॉगरोटेट. टायमर आदल्या दिवशीचा बघायचा असेल तर टुडेच्या जागी यस्टर्डे. माझ्याकडे जी ओळ आली तिचा अर्थ साधारण असा: डिनाइड, कंसात रीड, कॉम लॉगरोटेट, नेम लॉग्ज, एसकॉन्टेक्स्टमध्ये लॉगरोटेट_टी, टीकॉन्टेक्स्टमध्ये डिफॉल्ट_टी, टीक्लास डिर, परमिसिव्ह 0 (म्हणजे नकार खरंच लागू झाला). लांबलचक ओळ बघून घाबरायचं काम नाही, त्यातल्या तीन गोष्टी वाचायच्या: कोण (एसकॉन्टेक्स्ट), कशाला (टीकॉन्टेक्स्ट), आणि काय करायला गेला (कंसातला शब्द). डिफॉल्ट_टी म्हणजे पॉलिसीला तुमचं फोल्डर ओळखीचंच नाही. आमचे लॉग /डेटा/बिलिंग/लॉग्ज मध्ये, आणि सगळ्यात वरच्या / फोल्डरखाली आपण स्वतः बनवलेल्या /डेटा सारख्या फोल्डरला पॉलिसीत कुठलीच नोंद नसते, म्हणून त्याला हे बेवारस लेबल लागतं. /ऑप्ट मध्ये ॲप ठेवलं असेल तर यूएसआर_टी दिसेल, कोणाच्या घरच्या फोल्डरात असेल तर यूझर_होम_टी. लॉगरोटेटला हात लावायची मुभा आहे ती लॉगच्या लेबलांना, म्हणजे वार_लॉग_टी आणि त्याचे भाऊबंद.

आता मी काय काय चुका केल्या ते सांगतो, कारण लोक याच क्रमाने चुकतात.

पहिल्यांदा सीएचमॉड 777, म्हणजे सगळ्यांना सगळी परमिशन. हसू नका, सकाळी सव्वासातला गाडी गेटवर उभी असताना कोणीही करेल. उपयोग शून्य, कारण अडवणारा दुसराच आहे, आणि वर नवीनच एरर गळ्यात पडली: लॉगरोटेट म्हणायला लागलं की पॅरेंट डिरेक्टरीच्या परमिशन असुरक्षित आहेत, मी हे वगळतोय, कॉन्फिगमध्ये एसयू डिरेक्टिव्ह लिहा. ही एरर एसईलिनक्सची नाही, लॉगरोटेटची स्वतःची आहे, फोल्डरमध्ये कोणीही लिहू शकत असेल किंवा रूट सोडून दुसरा ग्रुप लिहू शकत असेल तर ते रूट म्हणून तिथे काम करायला नकार देतं, आणि बरोबर देतं. एका दुखण्यावर दोन झाली. 755 ला परत आणलं. (ॲपच्या ग्रुपला लिहायची खरंच गरज असेल तर मात्र एसयू नंतर ॲपचा यूझर आणि ग्रुप लिहायचा हाच मार्ग.)

दुसऱ्यांदा इंटरनेटवर वाचून सीएचकॉन (फाईलचं लेबल हाताने बदलणारी कमांड) -आर -टी वार_लॉग_टी मारलं. आर मोठा. आणि हे चाललं! रात्रीसुद्धा चाललं, दोन महिने चाललं. मग एका गुरुवारी, एमआयडीसीला सुट्टी म्हणून आम्ही सगळी देखभालीची कामं गुरुवारी काढतो, आमच्याच एकाने रूटचा पासवर्ड विसरला म्हणून बूट थांबवून पासवर्ड रीसेट केला, आणि पुस्तकात सांगितल्याप्रमाणे .ऑटोरीलेबल फाईल बनवून मशीन चालू केलं. त्याचं काहीच चुकलं नाही. पण ऑटोरीलेबल म्हणजे पूर्ण डिस्कवर फिरून प्रत्येक फाईलला नियमाप्रमाणे लेबल लावणं, आणि सीएचकॉनने लावलेलं लेबल कुठल्याच नियमात लिहिलेलं नसतं, ते फक्त त्या फाईलवर चिकटवलेलं असतं. डब्यावर खडूने "साखर" लिहिल्यासारखं, एकदा कोणी ओला फडका फिरवला की गेलं. शुक्रवार, शनिवार, रविवार लॉग फुगले, सोमवारी सकाळी काका.

तिसऱ्यांदा मला राग आला होता आणि मी ऑडिट2अलाऊ चालवलं. ते ऑडिट लॉगमधले नकार वाचून त्यांना "हो" म्हणणारं मॉड्यूल बनवून देतं, एसईमॉड्यूल -आय ने बसवायचं. इथे दोन भानगडी. एक, पहिल्या मॉड्यूलने फक्त रीड मिळालं, दुसऱ्या रात्री ओपन अडलं, मग गेटअॅटर, मग रीनेम, मग क्रिएट, असं रोज रात्री एकेक पायरी, कारण पहिल्या नकाराशीच प्रोग्रॅम थांबतो आणि पुढचे नकार लॉगमध्ये येतच नाहीत. दुसरी भानगड जास्त वाईट, मी परवानगी दिली ती लॉगरोटेट_टी ला डिफॉल्ट_टी वर, म्हणजे माझ्या लॉग फोल्डरला नाही तर त्या मशीनवरच्या प्रत्येक बेवारस फोल्डरला, ज्यात डेटाबेसचा बॅकअपही होता. एका खोलीची किल्ली हवी होती आणि मी वाड्याचं दारच काढून ठेवलं. ऑडिट2अलाऊ वाईट नाही, पण लेबल चुकलेलं असताना ते वापरू नये, ते फक्त नकार वाचतं, फोल्डर मुळात कशाचं आहे हे त्याला कळत नाही.

चौथा पर्याय म्हणजे सेटएन्फोर्स 0, यात पूर्ण मशीन परमिसिव्ह होतं, एसईलिनक्स नकार फक्त लिहून ठेवतं, अडवत नाही. तो मी केला नाही, करा म्हणणारे चिक्कार भेटले. लोकांना वाटतं एसईलिनक्स हे कालपरवाचं खूळ आहे, पण अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने हे 2000 साली खुलं केलं आणि 2003 मध्ये ते 2.6 कर्नलच्या मूळ कोडमध्ये आलं, इतकी वर्षं टिकलंय ते उगाच नाही. आणि कोणी त्याच्याही पुढे जाऊन एसईलिनक्स पूर्ण बंद (डिसेबल्ड) केलं, तर त्या काळात बनलेल्या फायलींना लेबलच लागत नाही, त्यामुळे परत चालू करायच्या दिवशी पूर्ण मशीन रीलेबल करत बसा.

आता खरा उपाय, दोन ओळींचा. नियम लिहायचा, मग लावायचा. सीमॅनेज एफकॉन्टेक्स्ट -ए -टी वार_लॉग_टी, पुढे अवतरणचिन्हात /डेटा/बिलिंग/लॉग्ज आणि त्याला चिकटून कंसात स्लॅश डॉट स्टार, कंसाबाहेर प्रश्नचिन्ह. त्या शेपटीचा अर्थ "हे फोल्डर आणि आतलं सगळं". अवतरणचिन्ह विसरलात तर शेल कंसावर अडखळून सिंटॅक्स एरर देतो. सीमॅनेज कमांडच सापडत नसेल तर पॉलिसीकोअरयूटिल्स-पायथन-यूटिल्स पॅकेज टाका. मग दुसरी ओळ, रिस्टोअरकॉन -आर -व्ही /डेटा/बिलिंग/लॉग्ज. पहिली ओळ फक्त वहीत नोंद करते, फायलींना हात लावत नाही, आणि हे न कळल्यामुळे "मी नियम लिहिला तरी चालत नाही" म्हणणारे दोघं मला माहिती आहेत (एक मीच). एलएस -झेड ने लेबल बघून घ्या. आपण आजवर कुठले कुठले नियम लिहिलेत ते सीमॅनेज एफकॉन्टेक्स्ट -एल -सी (सी मोठा) दाखवतं. आता कोणी ऑटोरीलेबल केलं तरी लेबल नियमाप्रमाणेच लागेल.

एक खाच: ॲप /ऑप्ट/बिलिंग/लॉग्ज मध्ये लिहितंय असं दिसतं पण ती सिमलिंक (दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारा शॉर्टकट) असते आणि खरं फोल्डर /डेटावर. नियम खऱ्या पाथचा लिहायचा. आणि एव्हीसीत रीडऐवजी सर्च अडलेलं दिसलं तर अडथळा आतल्या फोल्डरवर नाही, वरच्या पायरीवर आहे, नेममध्ये कुठलं फोल्डर आलंय ते बघून तेवढ्याच पायरीचं लेबल सुधारा, शेपटी न लावता.

टेस्ट कशी करायची हे इथे सगळ्यात महत्त्वाचं. हाताने लॉगरोटेट चालवायचं नाही. सिस्टमसीटीएल स्टार्ट लॉगरोटेट.सर्व्हिस करायचं, म्हणजे ते लॉगरोटेट_टी मध्येच चालेल. पण आज एकदा लॉग फिरले असतील तर ते काहीच न करता "यशस्वी" म्हणून बाहेर पडतं, आणि आपण परत फसतो. म्हणून /वार/लिब/लॉगरोटेट मधल्या लॉगरोटेट.स्टेटस फाईलमध्ये त्या लॉगसमोरची तारीख दोनतीन दिवस मागे करायची, फाईल सेव्ह केल्यावर तिच्यावरही एक रिस्टोअरकॉन फिरवायचं कारण काही एडिटर फाईल नव्याने बनवतात, आणि मग सर्व्हिस सुरू करायची. डेटएक्स्ट (फिरवलेल्या फाईलच्या नावात तारीख घालणारा पर्याय) वापरत असाल आणि सकाळी घाईत -एफ मारून आजच्या तारखेची फाईल आधीच बनवली असेल तर ते डेस्टिनेशन आधीच आहे म्हणून वगळेल, ती फाईल बाजूला करा. कटकटीचं आहे, पण पाच मिनिटं इथे घालवली की पहाटेचा फोन वाचतो.

एकाहून जास्त नकार असतील असं वाटत असेल तर पूर्ण मशीन परमिसिव्ह करायची गरज नाही. सीमॅनेज परमिसिव्ह -ए लॉगरोटेट_टी, एवढंच डोमेन (म्हणजे त्या प्रोसेसचं लेबल) मोकळं होतं, बाकीचं मशीन बंदोबस्तात. सर्व्हिस एकदा चालवा, सगळे नकार एकदमच लॉगमध्ये येतील (परमिसिव्ह 1 असं लिहिलेलं दिसेल), यादी घ्या, आणि लगेच -डी ने ते काढून टाका. काढायला विसरलात तर सगळं छान चालतंय असं वाटत राहतं. आणि एररही येतेय आणि एव्हीसीही दिसत नाही असं विचित्र झालं तर पॉलिसीतले डोंटऑडिट नियम नकार लपवत असतील, एसईमॉड्यूल -डीबी (दोन्ही अक्षरं मोठी) ने ते तात्पुरते उघडे होतात, काम झालं की एसईमॉड्यूल -बी (बी मोठा).

आता एनजिनएक्स या वेब सर्व्हरचं वेगळं सांगायला पाहिजे, कारण बिलिंगचा विजय झाल्यावर मी उत्साहात /डेटा/एनजिनएक्स ला पण वार_लॉग_टी लावून मोकळा झालो. लॉगरोटेट खूश, एनजिनएक्स बंद. एनजिनएक्स एचटीटीपीडी_टी मध्ये चालतं आणि त्याला लिहायला एचटीटीपीडी_लॉग_टी लागतं, साधं वार_लॉग_टी त्याला चालत नाही. आमचं जावा ॲप अनकन्फाइन्ड_सर्व्हिस_टी मध्ये चालतं म्हणून त्याला कुठलंही चाललं होतं. थोडक्यात, लिहिणारा आणि फिरवणारा, दोघांना चालेल असं लेबल निवडायचं. पीएस -ईझेड ने लिहिणाऱ्याचं लेबल बघा, एलएस -झेड ने /वार/लॉग मध्ये त्याच सर्व्हिसच्या फोल्डरला काय लेबल आहे ते बघा, तेच लावा. सगळेच लॉग दुसऱ्या डिस्कवर हलवायचे असतील तर याहून सोपं, सीमॅनेज एफकॉन्टेक्स्ट -ए -ई /वार/लॉग /डेटा/लॉग्ज, म्हणजे "/डेटा/लॉग्ज ला /वार/लॉग सारखंच समज", मग आतल्या एनजिनएक्स फोल्डरला आपोआप बरोबर लेबल मिळतं. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर! नवीन फॉरमॅट केलेली डिस्क माउंट केली की तिचं मूळ फोल्डर अनलेबल्ड_टी असतं, तिथेही रिस्टोअरकॉन हवंच.

हलवताना एमव्ही वापरलंत किंवा सीपी -ए, तर फायली जुनं लेबल सोबत घेऊन येतात. कोणीतरी आपल्या होममध्ये ठेवलेली लॉग फाईल एमव्हीने परत आणली की यूझर_होम_टी घेऊन येते. साधं सीपी केलं तर नवीन फोल्डरचं लेबल लागतं. आणि लॉगरोटेट त्याच्या क्रिएट या पर्यायाने नवी फाईल बनवताना जुन्या फाईलचं लेबल उचलतं, त्यामुळे एक चुकीचं लेबल पिढ्यान् पिढ्या चालू राहतं.

लॉग एनएफएसवर (नेटवर्कवरून जोडलेल्या दुसऱ्या मशीनच्या डिस्कवर) असतील तर फाईलवर लेबल लावून उपयोग नाही, सगळं एनएफएस_टी दिसतं, तिथे लॉगरोटेट_यूझ_एनएफएस हे बूलियन (पॉलिसीतलं चालू-बंद बटण) चालू करायचं, आणि सेटएसईबूल ला मोठा पी लावूनच, नाहीतर रीबूटनंतर गायब. परत सीएचकॉनचीच गोष्ट.

पोस्टरोटेटमध्ये (लॉग फिरल्यावर चालणारी स्क्रिप्ट) काही लोक कर्लने लॉग बाहेर पाठवतात. ती स्क्रिप्टही लॉगरोटेट_टी मध्येच चालते आणि लॉग फिरवणाऱ्याने बाहेर कनेक्शन कशाला करावं, म्हणून अडते, एव्हीसीत नेम_कनेक्ट दिसतं. इथे पॉलिसी वाकवू नका असं माझं मत. पोस्टरोटेटमध्ये फक्त ॲपला रीलोड करा, पाठवायचं काम वेगळ्या सर्व्हिसला आणि वेगळ्या टायमरला द्या.

आणि प्रत्येक वेळी एसईलिनक्सलाच दोष देऊ नका. एररमध्ये "रीड-ओन्ली फाईल सिस्टम" असेल आणि फोल्डर /ईटीसी किंवा /यूएसआर खाली असेल तर तो सिस्टमडीच्या युनिटमधला प्रोटेक्टसिस्टम आहे, तिथे लॉग ठेवणंच चूक. लॉग फिरलाय पण डिस्क रिकामी होत नाहीये असं असेल तर ॲप जुनीच डिलीट झालेली फाईल धरून बसलंय, एलएसओएफ +एल1 (एल मोठा) मारा, तेही पॉलिसीचं प्रकरण नाही, रीलोडचं आहे. उबुंटूवाल्यांकडे मुळात ॲपआर्मर असतं, त्यात फाईलवर लेबल वगैरे प्रकार नाही, हे सगळं तिथे लागू नाही.

आम्ही आता हे नियम अँसिबलमध्ये (सगळ्या सर्व्हरवर एकसारखी सेटिंग लावणारं साधन) टाकलेत. त्यातलं एसईएफकॉन्टेक्स्ट मॉड्यूल फक्त वहीत नोंद करतं, रिस्टोअरकॉन वेगळ्या टास्कमध्ये लिहावंच लागतं, पहिल्या सर्व्हरवर तेही विसरलो होतो. शिवाय मॉनिटरिंगमध्ये डिस्क 80 टक्के झाली की मेल होताच, आता लॉगरोटेट.सर्व्हिस फेल झाली की लगेच मेल येतो, तो डिस्क भरायच्या कितीतरी दिवस आधी येतो.

ते वाड्याचं दार काढलेलं मॉड्यूल दोन सर्व्हरवरून एसईमॉड्यूल -आर ने काढलं. तिसऱ्यावर अजून आहे, तिथे /डेटाखाली कोणकोणती फोल्डरं आपण नकळत त्याच्या जिवावर चालवतोय ते एकदा बघायचंय, येत्या गुरुवारी काढतो.